तोतया सदाशिवराव : पानिपतोत्तर लोकमानस आणि रंगभूमी

पानिपतच्या तिसऱ्या लढाईत (१४ जानेवारी १७६१) मराठी सैन्याचे सेनापती सदाशिवराव चिमणाजी ऊर्फ भाऊसाहेब नाहीसे झाले. त्यानंतर काही वर्षांनी एक इसम ‘आपणच भाऊसाहेब’ असे सांगत पुढे आला आणि १७७६ मध्ये त्याने कोकणात मोठे बंड उभारले. मराठ्यांच्या इतिहासात तो ‘तोतया’ या नावाने ओळखला जातो. तो मूळचा सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण असल्याचे चौकशीअंती ठरले. या प्रकरणाचा विचार बहुधा बारभाईंच्या राजकारणातील एक उपद्रव म्हणून केला जातो. तो चुकीचा नसला, तरी अपुरा आहे. एका प्रचंड युद्धाने समाजाच्या मनावर केलेला परिणाम पंधरा वर्षांनी कोणते रूप घेऊ शकतो, याचे मराठी इतिहासातील हे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. वेषांतर, ओळख पटणे आणि परतलेला पती हे विनोदी नाट्याचे जगातील फार जुने विषय. ते येथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेले दिसतात.

विश्वासराव गोळी लागून पडल्यानंतर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांना जिवंत पाहिल्याची निर्विवाद साक्ष नाही. लढाईनंतर त्यांच्या देहाचा शोध घेण्यात आला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज शिवदेव या दक्षिणी ब्राह्मणाने या शोधाचा वृत्तांत फार्सीत लिहून ठेवला असून अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. प्रेतांच्या राशीतून एक शिरविरहित धड मिळाले. मांडीवरील काळा डाग, पाठीवरील कट्यारीच्या जुन्या जखमेचा वण आणि पायावरील शुभसूचक रेषा यांवरून ते भाऊसाहेबांचे असल्याची खात्री करून घेण्यात आली व त्याला अग्निसंस्कार मिळाला. शिर निराळे व मागाहून सापडले. म्हणजे पुरावा अगदीच नव्हता असे नाही, परंतु तो शत्रूच्या छावणीत, शत्रूच्या अनुज्ञेने आणि तुकड्यातुकड्यांनी मिळालेला होता. पुण्यात बसलेल्या माणसाने पाहिले ते एवढेच, की हजारो माणसे गेली आणि त्यांपैकी काही महिन्यामहिन्यांनी, फाटक्या वस्त्रांनी, नर्मदेच्या वाटेने परत येत राहिली. आज कोणी आला, तर उद्या आणखी कोणी येईल, ही आशा अशा स्थितीत मूर्खपणाची म्हणता येत नाही.

भाषेनेही या घटनेची नोंद ठेवली आहे. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार सर्वनाशासाठी रूढ झाला. ‘भाऊगर्दी’ हा शब्द मुळात पानिपतावरील गोंधळाचा वाचक होता. आज लग्नमंडपातील किंवा उमेदवारांच्या रांगेतील गर्दीला तो सहज लावला जातो आणि त्यातील ‘भाऊ’ कोण, हे बोलणाराच्या ध्यानीही नसते.

नानासाहेब पेशवे या धक्क्यातून सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई मोहिमेत पतीबरोबर होत्या. रणांगणावरून काही निष्ठावंतांच्या सोबतीने त्या बचावून दक्षिणेत परतल्या. पतीचा मृत्यू त्यांनी मान्य केला नाही आणि वैधव्याची चिन्हेही कधी धारण केली नाहीत. त्या वेळच्या आचारधर्मात ही बाब लहान नव्हती. सौभाग्यचिन्हे ठेवणारी स्त्री पती जिवंत असल्याचेच दररोज जाहीर करीत असते. पेशव्यांच्या घराण्याने ही भूमिका खोडून काढली नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गरोदर गंगाबाईंना १७७४ मध्ये पुरंदरावर सुरक्षित नेण्यात आले, तेव्हा त्यांच्या सोबत पार्वतीबाई होत्या. यावरून घराण्यातील त्यांचे स्थान किती विश्वासाचे होते, हे दिसून येते. परंतु त्यामुळे एक विलक्षण पेच निर्माण झाला. राज्याचा कारभार भाऊसाहेब मृत झाले असे गृहीत धरून चालला होता आणि वाड्यातील एक मान्यवर स्त्री ते जिवंत असल्याचे कपाळावर धारण करून वावरत होती.

अशा मनःस्थितीला अलीकडील मानसशास्त्राने स्वतंत्र नाव दिले आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्याने सैनिकांत उद्‌भवणाऱ्या विकृतींकडे वैद्यकाचे लक्ष प्रथम मोठ्या प्रमाणावर वेधले गेले. पुढे व्हिएटनाम युद्धानंतर, १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताणविकृती ही संज्ञा आपल्या अधिकृत वर्गीकरणात समाविष्ट केली. हा विचार प्रामुख्याने लढणाऱ्याचा होता. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबियांचा अभ्यास करून पॉलीन बॉस यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘संदिग्ध वियोगा’ची कल्पना मांडली. ज्याचा देह परत येत नाही, त्याचा शोक पुरा होत नाही आणि आशाही संपत नाही, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. आधुनिक संज्ञा जुन्या काळावर लादण्यात धोका असतो. तरी पानिपतानंतरच्या महाराष्ट्राला, निदान ज्या घरांतील माणूस गेला पण त्याचे प्रेत कोणी पाहिले नाही त्या घरांना, ही कल्पना लागू पडते असे म्हणण्यास हरकत नसावी.

सुखनिधान या फटीतूनच आत शिरला. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत (१७६१–७२) तो उत्तरेत प्रथम प्रकट झाला. त्याचे भाऊसाहेबांशी रूपसाम्य होते असे सांगतात. त्याला पकडून चौकशी करण्यात आली व तो तोतया ठरला. परंतु त्याला देहदंड न देता कैदेत ठेवण्यात आले आणि अखेर त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यात झाली. माधवरावांच्या या सौम्यतेचा अर्थ निरनिराळ्या प्रकारे लावता येईल. ब्रह्महत्येचे पातक टाळणे हे एक कारण संभवते. पण चुलत्याचा चेहरा असलेल्या माणसाला मारण्यास मन न होणे हेही कारण असू शकते, आणि माधवरावांचा एकंदर स्वभाव पाहता हा तर्क अगदीच टाकाऊ वाटत नाही.

पुढील हकीकत नाट्यपूर्ण आहे. माधवराव गेले, नारायणराव मारले गेले (३० ऑगस्ट १७७३), रघुनाथराव इंग्रजांकडे गेले आणि पुरंदरावर एका तान्ह्या मुलाच्या नावाने बारभाई कारभार पाहू लागले. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. म्हणजे १७७६ मध्ये राज्याचे धनी दोन वर्षांचे होते. अशा वेळी रत्नागिरीचा मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे याने आपल्या ताब्यातील कैद्याला मुक्त केले आणि तो भाऊसाहेब असल्याचे मान्य करून त्याचा पक्ष उचलला. पाहता पाहता कोकणातील किल्ले व ठाणी तोतयाच्या हाती गेली. हजारोंचा जमाव त्याच्याभोवती जमला. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी मराठीत म्हण आहे. किल्ल्यांतील खजिन्यांनी तोतयाची तीही अडचण काही काळ दूर केली. तो बोरघाटाच्या तोंडाशी, राजमाचीपर्यंत येऊन ठेपला. राजमाची हा मावळातील किल्ला. त्याच्या पलीकडे खंडाळा, कार्ले, वडगाव आणि दाभाडे सेनापतींचे तळेगाव अशी पुण्याची सरळ वाट होती. काही दिवस असे होते, की पेशव्यांच्या राजधानीपासून थोड्या मजलांवर एक मृत सेनापती आपल्या फौजेसह उभा होता.

त्याच्यावर विश्वास कोणी ठेवला, हा या प्रकरणातील मुख्य प्रश्न होय. सामान्य रयतेची गोष्ट निराळी. भाऊसाहेबांना तिने पाहिलेलेच नव्हते आणि ते परत यावेत अशी तिची इच्छा होती. पण जहागिरदार, किल्लेदार आणि मामलेदार यांना वस्तुस्थिती कळण्याची साधने होती. माधवरावांच्या वेळच्या चौकशीचा निकालही त्यांना ठाऊक होता. यांपैकी कित्येक फसले नसून त्यांनी फसणे पसंत केले, असेच म्हणावे लागते. बालपेशव्याच्या नावाने चालणाऱ्या कारभारात ज्याला स्थान नव्हते, त्याला एका वडीलधाऱ्या भाऊसाहेबांची गरज होती. तोतयाचा चेहरा खरा असण्याची आवश्यकता नव्हती, तो उपयोगी असला म्हणजे पुरे होते. उपहासाचा खरा विषय तोतया नसून त्याच्या दरबारात मुजऱ्याला उभी राहिलेली ही शहाणी माणसे होत.

दुसरी बाजू याहून लक्षणीय आहे. तोतयाविरुद्ध ज्यांना उभे राहावे लागले, ते पानिपतातून वाचलेले लोक होते. कारभाराची सूत्रे हाती असलेले नाना फडणीस (१७४२–१८००) वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या रणांगणावर होते. त्यांनी आपल्या अपुऱ्या आत्मचरित्रात त्या पळापळीचे जे वर्णन केले आहे, ते मराठी गद्यातील युद्धोत्तर आत्मनिवेदनाचा पहिला नमुना म्हणता येईल. त्यात शौर्याची बढाई नाही. भीती, उपासमार, परक्यांची दया आणि स्वतःच्या मनाचे दोष यांची कबुली आहे. त्यांची आई त्या धावपळीत हरवली आणि ती पुन्हा भेटली नाही. पंधरा वर्षांनी याच माणसाला, पानिपतावरून परत आलो असे म्हणणारा खोटा आहे, हे सिद्ध करावे लागले. तोतयावर चालून गेलेल्यांत महादजी शिंदे होते. पानिपतच्या पाठलागात पायावर झालेल्या घावाने ते जन्मभर लंगडत राहिले आणि राणेखान भिस्त्याने वाचविले नसते, तर तेही बेपत्तांच्या यादीत गेले असते. भाऊसाहेब जिवंत असावेत असे मनातून वाटण्याचा सर्वांत मोठा अधिकार या लोकांना होता. त्यांनी त्या इच्छेविरुद्ध निर्णय केला. नानांच्या कठोरपणाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. या एका प्रसंगी तरी तो कठोरपणा स्वतःशीही होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी घाटात तोतयाच्या जमावाचा मोड केला. तो खाली कोकणात पळाला. मुंबईकडे जाण्याच्या प्रयत्नात असताना कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी त्याला पकडून पुण्याच्या स्वाधीन केले. पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन देण्यात आले. त्याला साथ देणाऱ्यांनाही शिक्षा झाल्या.

या घटनेला एक उपसंहार मावळातच घडला. दोन वर्षांनी, डिसेंबर १७७८ मध्ये, इंग्रजांची फौज त्याच बोरघाटाने वर चढली. या वेळी तिच्या सोबत असलेला दावेदार रघुनाथराव हा अगदी अस्सल होता. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यानजीक कॅप्टन स्ट्यूअर्ट ठार झाला. मराठ्यांनी या शत्रूला ‘इष्टुर फाकडा’ हे कौतुकाचे नाव दिले व पुढे मावळात त्याची समाधीही पूज्य मानली गेली. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले, तेव्हा गाव जाळून रिकामे केलेले आढळले. दोन दिवसांनी रात्रीच्या अंधारात त्यांनी माघार घेतली व वडगाव येथे कोंडी होऊन त्यांना तह करावा लागला. पलीकडे सेनापती पुन्हा महादजी आणि तोफखान्यावर पुन्हा पानसे. खोट्या भाऊसाहेबांमागे कोकण उठले होते. खऱ्या रघुनाथरावांसाठी मावळातील एकही गाव उठले नाही. मृत वीराबद्दलची ओढ आणि जिवंत दावेदाराबद्दलची नावड यांतील हे अंतर मोजण्यासारखे आहे.

आता रंगभूमीकडे वळता येईल. सोंग हा महाराष्ट्रातील लोकनाट्याचा प्राण आहे. बहुरूपी फौजदाराचे सोंग घेऊन दारात उभा राहतो, घरधनी क्षणभर दचकतो आणि मग हसून त्याला दाणे घालतो. तमाशाची वाढ पेशवाईच्या उत्तरकाळात झाली आणि लष्करी छावण्यांचा त्याला आश्रय होता. मोहिमेवर गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री हा त्या काळच्या लावणीचा हुकमी विषय. त्यात विरहाबरोबर थट्टाही असते. तमाशातील सोंगाड्याने राजा, शिपाई व कोतवाल यांची जी टर उडविली, तिचा वारसा मावळात दीर्घकाळ टिकला. तळेगावानजीकच्या इंदोरी गावचे दादू इंदुरीकर (गजानन राघू सरोदे) यांनी गाढवाचं लग्न या वगातील भूमिकेने विसाव्या शतकात तो सर्व महाराष्ट्रापुढे आणला. या परंपरेच्या दृष्टीने पाहिले, तर सुखनिधान हा एक सोंगाड्याच होता. फरक एवढाच, की प्रेक्षकांना खेळ संपवायचा नव्हता आणि त्यालाही सोंग उतरविण्याची सोय राहिली नाही.

या विषयाला नाट्यरूप दिले ते नरसिंह चिंतामण केळकर (१८७२–१९४७) यांनी. त्यांचे तोतयाचे बंड हे ऐतिहासिक नाटक १९१३ सालचे. केळकर हे केसरीचे संपादक, राजकारणी आणि इतिहासलेखक म्हणून प्रसिद्ध असले, तरी मराठीत विनोदाची शास्त्रीय मीमांसा करणाऱ्या आरंभीच्या लेखकांत त्यांची गणना होते. सुभाषित आणि विनोद (१९०८) हा त्यांचा ग्रंथ या नाटकाच्या आधीचा, तर हास्यविनोदमीमांसा (१९३७) नंतरचा होय. विनोदाचे मर्म जाणणाऱ्या लेखकाने तोतयाचा विषय निवडावा, हे स्वाभाविक आहे. दोन सारख्या दिसणाऱ्या व्यक्तींमुळे होणारा घोटाळा प्रहसनाला नेहमीच पुरतो. पण हा विषय केवळ प्रहसनात मावत नाही, कारण ओळख पटण्यावर येथे एका स्त्रीचे सौभाग्य आणि एका राज्याचे स्थैर्य अवलंबून आहे. केळकरांनी शीर्षकात प्राधान्य तोतयाला न देता त्याच्या बंडाला दिले, यातही त्यांची इतिहासकाराची दृष्टी दिसते. व्यक्तीपेक्षा तिच्यामागे उभा राहिलेला जमाव त्यांना महत्त्वाचा वाटला असावा.

नाटकाचा काळही विचारात घ्यावयास हवा. लोकमान्य टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते (१९०८–१४). कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या कीचकवध (१९०७) या नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातलेली होती. पौराणिक वा ऐतिहासिक कथेआड वर्तमान शोधण्याची सवय प्रेक्षकाला व सरकारला सारखीच जडली होती. नेता दूर आहे, तो परत येईल काय आणि आला तर कोणत्या रूपात, हा प्रश्न पुण्याच्या प्रेक्षकांना त्या दिवसांत अगदीच परका नव्हता. केळकरांनी तो मुद्दाम सुचविला असे म्हणण्याला आधार नाही. मात्र प्रेक्षक आपल्या मनातले नाटक बरोबर घेऊन नाट्यगृहात येतो, हे तोतयाच्या इतिहासावरूनच सिद्ध झालेले आहे.

युद्धावरून परतलेल्या पुरुषाचा विषय पाश्चात्त्य वाङ्मयात होमरच्या ओडिसीपासून चालत आलेला आहे. तेथे पेनेलपी शय्येच्या खुणेवरून पतीची परीक्षा घेते. फ्रान्समधील आर्तीगा गावी घडलेले मार्तँ गेरचे प्रकरण तोतयाच्या प्रकरणाला फारच जवळचे आहे. एका इसमाने बेपत्ता मार्तँचे रूप घेऊन त्याच्या पत्नीबरोबर काही वर्षे संसार केला. १५६० मध्ये खटला चालू असता खरा मार्तँ सँ-कांतँच्या लढाईत गमावलेल्या पायाच्या जागी लाकडी पाय लावून न्यायालयात हजर झाला आणि तोतयाला फाशी देण्यात आले. पुण्याच्या चौकशीला असा सोयीस्कर शेवट लाभला नाही. खरे भाऊसाहेब येणार नव्हते, आणि त्यामुळेच तोतया खोटा ठरूनही संशय पुरता मेला नाही.

युद्धाची वीरश्रीच हास्यास्पद ठरविणारी सुखात्मिका आधुनिक काळातील. बर्नार्ड शॉच्या आर्म्स अँड द मॅन (१८९४) या नाटकात सर्बिया-बल्गेरिया युद्धातील (१८८५) भाडोत्री सैनिक काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगतो आणि जखमी न होता घरी परतलेल्या वीराचा तोरा उतरवितो. अमेरिकी कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट यांचे हॅपी बर्थडे, वांडा जून (१९७०) हे नाटक ओडिसीचेच विडंबन आहे. मृत समजला गेलेला शिकारी-योद्धा हॅरॉल्ड रायन आठ वर्षांनी घरी येतो. त्याच्या सोबत नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणारा, आणि आपण काय केले हे नीट सांगताही न येणारा, वैमानिक असतो. पत्नीचे नाव पेनेलपीच आहे. मधल्या काळात ती शिकली आहे, तिला दोन नवे उमेदवार लाभले आहेत आणि परत आलेला वीर तिला आता नकोसा झाला आहे. व्हॉनेगट स्वतः दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते व ड्रेस्डेनचा विध्वंस त्यांनी पाहिला होता. वीर परत आला तरी घर त्याचे राहत नाही, हे त्यांच्या उपहासाचे सूत्र आहे.

मराठीतील कथेत परतणारा पुरुष खोटा आहे आणि वाट पाहणारी स्त्री खरी आहे, त्यामुळे हास्याची दिशाच बदलते. शॉ व व्हॉनेगट वीराला हसतात. तोतयाच्या कथेत हसू येते ते मुजरा करणाऱ्या मामलेदाराला, खजिन्याच्या किल्ल्या पुढे करणाऱ्या किल्लेदाराला आणि निकाल ठाऊक असून साक्ष फिरविणाऱ्यांना. पार्वतीबाईंकडे वळले, की ते थांबते. तोतयाला देहान्त शासन झाल्यावरही त्यांनी कुंकू पुसले नाही. सुखनिधान खोटा ठरल्याने भाऊसाहेब मेल्याचे सिद्ध होत नव्हते, आणि तर्क म्हणून पाहिले तर त्यांचे म्हणणे बरोबर होते.